गुलमंडीजवळचं ड्रेपरीचं दुकान: इथेच राहून नाटक करायचं असेल तर

छत्रपती संभाजीनगरात गुलमंडीकडून आत वळलं की कापडाच्या दुकानांच्या मागे एक अरुंद जिना लागतो. वर ड्रेपरीचं, म्हणजे नाटकाचे कपडे भाड्याने देणारं दुकान आहे. पाटी आहे, पण शहरातली नाटकवाली मंडळी पाटीवरचं नाव घेत नाहीत. "काकांकडून आणलं" एवढंच म्हणतात, म्हणून मीही तेवढंच म्हणते. दुपारी 12 ते रात्री 9, मंगळवारी बंद. स्नेहसंमेलनांच्या दिवसांत मात्र मंगळवारीही उघडं असतं.

हे परीक्षण ज्यांना एका दिवसासाठी मावळ्याचा पोशाख हवा आहे त्यांच्याही कामाचं आहे. पण खरं सांगायचं तर मी ते लिहितेय दिग्दर्शनावरच पोट चालवू पाहणाऱ्या, आणि मराठवाड्यातच राहू इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी. आमच्या विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाला कमलाकर सोनटक्के यांच्यासारख्या, राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकून आलेल्या माणसाने आकार दिला. बीड जिल्ह्यातल्या दरडवाडीचे वामन केंद्रे पुढे त्याच राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे संचालक झाले. चंद्रकांत कुलकर्णी या शहरातून मुंबईला गेले आणि 1994 साली महेश एलकुंचवारांची वाडा नाट्यत्रयी त्यांनी सलग रंगमंचावर आणली. या वाटांबद्दल पुष्कळ बोललं जातं, आणि बोललं जायलाच हवं. इथे राहून वर्षानुवर्षं नाटकं बसवत राहायची वाट कशी चालायची, हे मात्र नव्या मुलांना कुणी सांगत नाही. माझ्यापुरता त्या वाटेचा बराचसा हिशेब या दुकानातल्या लाल कापडी बांधणीच्या वह्यांमध्ये आहे.

आधी दुकान कसं आहे ते सांगते. दोन खोल्या. पुढच्या खोलीत काउंटर, शिलाई मशीन आणि उंच आरसा. मागच्या खोलीत छतापर्यंत लोखंडी पेट्या, त्यांवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं: पेशवाई, शिवकाल, मुघल, निजामी, खेडं, पोलीस-वकील, देव, लमाण, लग्न. आत शिरताच डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. पहिल्यांदा गेलात तर वाटेल इथे काही सापडायचं नाही, पण काका न उठता पेटी सांगतात आणि वहिनी, म्हणजे त्यांच्या सूनबाई, ती काढतात.

पुढच्या खोलीच्या एका कोपऱ्यात भिंतीवर रंगमंचावरचे दिवे, म्हणजे एक जुना हॅलोजन आणि दोन एलईडी पार, बसवलेत. या दुकानाची सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. कपडा निवडला की काका ट्यूबलाइट बंद करतात आणि तुमच्या नाटकात जो उजेड असेल त्यात तो धरून दाखवतात. दुकानात झळझळीत दिसणारं तांबडं लुगडं निळ्या उजेडात काळं पडतं. पांढराशुभ्र सदरा समोरून हॅलोजन आला की इतका उजळतो की नटाचा चेहरा मागे राहतो, डोळा सदऱ्यावरच जातो. म्हणून इथले पांढरे कपडे चहाच्या पाण्यातून काढलेले असतात. प्रेक्षागृहातून ते पांढरेच दिसतात. सॅटिनच्या अंगरख्याला काका सहसा हात लावू देत नाहीत, कारण तो चमकतो आणि वळला की प्रत्येक घडी वेगळी दिसते. हे सगळं मला प्रकाशयोजनेच्या तासाला शिकवलं होतं. पण मनात ठसलं ते या कोपऱ्यात, हातात कापड धरून.

नव्या दिग्दर्शकाला इथे पहिला धक्का बसतो तो काकांच्या प्रश्नांचा. तुम्ही यादी पुढे करता: धोतर चार, पटके तीन, नऊवारी दोन. काका यादी बाजूला ठेवतात. "ताई, कपडे मागून बघू. माणूस काय करायलाय ते सांगा आधी." मग प्रश्न सुरू होतात. उन्हाळा आहे का पावसाळा? शेतावरून आलाय का देवळातून? घरात धुणं कोण धुतं? अंकात किती वेळ बसून आहे? नाटकात मारामारी आहे का? लाइट कोण करतंय? संहिता पुरती वाचली नसेल तर त्या काउंटरसमोर दोन मिनिटंही निभत नाहीत. म्हणून मी काकांकडे तालमी सुरू व्हायच्या आधी जाते, वाचन संपलं की लगेच. पात्राबद्दलचे माझे कितीतरी निर्णय या प्रश्नांची उत्तरं देताना झालेत. एका ग्रामीण नाटकात सावकाराला मी नवं कोरं धोतर मागितलं होतं. काकांनी विचारलं, "हा पैसा जपणारा हाय का उधळणारा?" जपणारा होता. मग त्याला उत्तम पोताचं, पण काठ झिजलेलं जुनं धोतर मिळालं, आणि त्या नटाची बसायची पद्धतच बदलली. काठ घासू नये म्हणून तो धोतर सावरून बसू लागला. मी त्याला तसं काही सांगितलं नव्हतं.

निजामी पेटीबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण अशी पेटी मी पुण्या-मुंबईच्या ड्रेपरीवाल्यांकडे पाहिली नाही. दरवर्षी 17 सप्टेंबर जवळ आला की मराठवाडाभर शाळा-महाविद्यालयांत मुक्तिसंग्रामाची नाटकं होतात. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजामाने शरणागती पत्करली, हे प्रत्येक मुलाला पाठ असतं. पण त्या काळचा माणूस कसा दिसायचा हे माहीत नसतं. मग मुघल दरबाराचे झगझगीत पोशाख निजामाच्या अधिकाऱ्यांना चढवले जातात आणि रझाकार सिनेमातल्या दरोडेखोरांसारखे दिसतात. काकांच्या पेटीत गळ्यापर्यंत बटणांच्या साध्या शेरवान्या आहेत, गोंडा लावलेल्या लाल रूमी टोप्या आहेत, दरबारी प्रवेशासाठी दस्तार, म्हणजे पगडी, आणि बगलूस, म्हणजे कमरेचा पट्टा आहे. रझाकारांसाठी खाकी आहे, तीही एकसारखी नाही, कारण काकांच्या मते सगळ्यांना एका मापाचा, एका रंगाचा गणवेश घातला की ते शाळेची कवायत करताना दिसतात. सत्याग्रहींसाठी जाडीभरडी खादी. बायकांसाठी इरकली लुगडी आणि खणाच्या चोळ्या, कारण लातूर, उदगीर, नांदेडच्या भागात ती नेसली जायची. जुन्या छायाचित्रांची एक फाइल दुकानात असते. शंका आली की ती उघडतात.

मला या पेटीचं महत्त्व फार वाटतं. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातुरात वकिली करायचा. म्हणजे तो शेजारच्या गल्लीत राहणारा, कोर्टात जाणारा, लोकांना तोंडओळख असलेला माणूस होता. रंगमंचावर तो तसा, साध्या शेरवानीत, वकिलासारखा चालत आला तर प्रेक्षागृहात जी शांतता पसरते ती भडक पोशाखातल्या खलनायकाला मिळत नाही. आपल्या प्रदेशाची गोष्ट आपणच नीट सांगायची असेल तर ती टोपीपासून, बटणापासून नीट असायला हवी.

आता धंद्याची बाजू. इथे राहून दिग्दर्शनावर जगणारा माणूस एकाच प्रकारचं नाटक करून जगू शकत नाही. माझं वर्ष साधारण असं जातं: गणपतीत कॉलनी-मंडळांच्या एकांकिका, मग 17 सप्टेंबर, त्याच्या मागेपुढे विद्यापीठाचा युवक महोत्सव. त्यात एकांकिका, प्रहसन, मूकाभिनय बसवायला महाविद्यालयं मानधन देऊन बोलावतात. दिवाळीनंतर राज्य नाट्य स्पर्धा. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं. फेब्रुवारीत शिवजयंती, एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती, मे महिन्यात मुलांची नाट्यशिबिरं. वर्षातली पोटाची सोय शाळा आणि शिबिरांतून होते; ज्या नाटकासाठी जीव तुटतो ते स्पर्धेत किंवा स्वतंत्र प्रयोगांत होतं. नवी मुलं स्नेहसंमेलनाचं काम कमीपणाचं मानतात. मी मानत नाही. बारा वर्षांच्या चाळीस पोरांना एका प्रवेशात हलवता आलं की मोठ्यांचा जमाव हलवणं सोपं जातं, आणि त्या मानधनातून पुढच्या नाटकाचा नेपथ्याचा लाकूडफाटा येतो.

काकांचं दुकान या सगळ्या वर्षाला पुरतं. शाळेचं काम असो की स्पर्धेचं, प्रश्न तेच विचारतात. आणि जून-जुलैमध्ये, जेव्हा आमच्याकडे काम नसतं आणि त्यांच्याकडे गिऱ्हाईक नसतं, तेव्हा तालमीसाठी निम्म्या भाड्यात कपडे देतात. ही सोय फार थोड्या लोकांना माहीत आहे. नऊवारी नेसून चालायची, लांब अंगरखा घालून जिना चढायची सवय नटाला दोन महिने आधी लागते. जीन्समध्ये तालीम केलेली राणी आणि लुगड्यात तालीम केलेली राणी पहिल्या पावलालाच ओळखू येते. स्पर्धेत तर रंगमंच प्रयोगाच्या दिवशीच हाती येतो. नेपथ्य लावणं, लाइट लावणं यातच वेळ जातो, कपड्यांशी जुळवून घ्यायला कुणाला फुरसत नसते.

दर सांगते. साधा ग्रामीण पोशाख एका प्रयोगाला 150 रुपये, दरबारी किंवा ऐतिहासिक 300 ते 400, दागिने आणि शस्त्रं वेगळी. अनामत रक्कम घेतात. बाहेरगावच्या प्रयोगाला तीन दिवसांपर्यंत एकाच प्रयोगाचं भाडं लावतात, आणि नांदेड, परभणीकडे प्रयोग नेणाऱ्यांना याचा मोठा आधार आहे. पक्कं बिल मिळतं. अनुदानाचा किंवा महाविद्यालयाचा हिशेब द्यायचा असेल तर ते लागतंच. शहरात याहून स्वस्त दुकानं आहेत. तिथे कपडा मिळतो, नाटकाला लागणारं बाकी काही मिळत नाही.

बाकी म्हणजे काय? एक, मापांची वही. नाटकाचं नाव, पात्र, नट, छाती, कंबर, उंची, डोक्याचा घेर, दिलेल्या कपड्याचा नंबर. नाटकाचे प्रयोग वर्षभर अधूनमधून होत राहिले तरी त्या पात्राला तोच कपडा मिळतो. नट बदलला तर मशीनवर बसून दुरुस्त करून देतात; शिवणीत भरपूर माया, म्हणजे जादा कापड, ठेवलेली असते. ज्यांना एकच प्रयोग करायचा आहे त्यांना याची किंमत कळणार नाही. पण दिग्दर्शकाचं आयुष्य पहिल्या प्रयोगावर चालत नसतं, पंचविसाव्यावर चालतं. पंचविसाव्या प्रयोगाला आईच्या अंगावर वेगळंच लुगडं असेल तर नटीचा हात पदराकडे जातो आणि तिथे तो ओळखीचा काठ सापडत नाही. अभिनयाच्या साखळीत अशा बारीक कड्या असतात आणि त्या जपणं हे दिग्दर्शकाचंच काम आहे.

दोन, बांधणी. प्रत्येक पात्राची वेगळी कापडी पिशवी, तिच्यावर पात्राचं नाव, आत वस्तूंची यादी. झटपट बदलायच्या कपड्यांना बटणांखाली वेल्क्रो, शिवलेली नऊवारी, कॉलर माइकच्या डबीसाठी आतून खिसा. सोबत सुई-दोरा, सेफ्टी पिना आणि नाड्यांचं एक पाकीट फुकट. अंबाजोगाईला रात्री विंगेत नाडी तुटली तेव्हा त्या पाकिटाने आमचा प्रवेश वाचवला.

तीन, आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठं, म्हणजे विश्वास. एका आयोजकाने प्रयोग झाल्यावर ठरलेले पैसे दिले नाहीत. आज देतो, उद्या देतो करत महिने गेले. नटांचं आणि ड्रेपरीचं देणं मी उन्हाळी शिबिराच्या मानधनातून फेडलं, माझं मानधन सोडून दिलं. काकांनी पैसे मोजले, वहीत रेघ मारली, काही बोलले नाहीत. त्या वर्षी दिवाळीत माझ्याकडे अनामत भरायला पैसे नव्हते आणि नाटक मोठं होतं, सोळा पात्रांचं. काकांनी पिशव्या बांधून ठेवल्या होत्या. "न्या. प्रयोग झाल्यावर बघू." ते नाटक उभं राहिलं ते त्या वाक्यावर.

म्हणून माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना मी एक नियम घालून देते: नाटकाचे पैसे आले की आधी ड्रेपरी, लाइट, टेम्पो आणि नट, मग आपण. हुशार दिग्दर्शक या मातीत मी पुष्कळ पाहिले. त्यांतले कितीतरी दहा वर्षांत थांबले. कल्पना आटल्या म्हणून थांबलेले थोडे. बाजारात कुणी उधार देईना म्हणून थांबलेले जास्त. तापडिया नाट्यमंदिरात किंवा एकनाथ रंगमंदिरात पडदा उघडतो तेव्हा दिग्दर्शकाचं नाव घेतलं जातं, पण तो पडदा उघडायला गुलमंडीपासून उस्मानपुऱ्यापर्यंत किती जणांनी शब्दावर सामान दिलेलं असतं!

उणिवाही सांगायला हव्यात. पादत्राणांची बाजू कमजोर आहे. मोजड्या आणि कोल्हापुरी चपला ठरावीक मापांच्याच आहेत, मोठ्या पावलांच्या नटाने स्वतःची सोय करावी. बायकांच्या मापाचे लढाऊ पोशाख कमी आहेत; पुरुषांचेच आटवून देतात आणि खांद्यात ते ढगळ दिसतात. आजच्या नाटकांत मुली शिलेदार होतात, सैनिक होतात, तेव्हा हे बदलायला हवं. मी दर वर्षी सांगते. मुलांचे प्राण्या-पक्ष्यांचे पोशाख नायलॉनचे आहेत आणि मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात पोरांच्या अंगावर पुरळ येतं. शिबिरासाठी ते घेऊच नका, सुती टी-शर्टवर कान-शेपटी शिवून घ्या. पोलीस पेटीतले बिल्ले जुने झालेत. पावसाळ्यात कपड्यांना कुबट वास येतो, आणल्यावर एक दिवस गच्चीवर टाकावे लागतात. आणि काका स्पष्टवक्ते आहेत. संहिता न वाचता आलेल्याला ते परत पाठवतात, चारचौघांत. काहींना हे अपमानाचं वाटतं. त्यांनी वहिनींशी बोलावं, त्या समजावून सांगतात.

वहिनी आता निम्मं दुकान सांभाळतात. जुन्या वह्यांचे त्यांनी मोबाइलवर फोटो काढून ठेवलेत, नाटकाच्या नावाने शोधता येतात. बाहेरगावच्या संस्थांना त्या व्हॉट्सअ‍ॅपवर कपड्यांचे फोटो पाठवतात, तेही दोन्ही उजेडांत काढून. लातूरच्या, जालन्याच्या मुलांना आता निवडीसाठी वेगळी खेप करावी लागत नाही. माप मात्र त्या प्रत्यक्षच घेतात, आणि ते बरोबर आहे.

यंदाच्या स्पर्धेसाठी कपडे हवे असतील तर दिवाळीच्या किमान तीन आठवडे आधी जा. संहितेची एक प्रत, नटांची नावं आणि लाइट करणाऱ्याला सोबत न्या. निजामी पेटी सप्टेंबरात कुणालाच जास्त दिवस मिळत नाही, तिची नोंद जुलैतच करा. दुपारी 4 ते 6 गर्दी कमी असते आणि काकांना बोलायला वेळ असतो. गाडी गुलमंडीच्या चौकात लावायला जागा मिळत नाही, औरंगपुऱ्याकडे लावून चालत या. परत करताना कपडे धुऊ नका, ते स्वतः धुतात. फक्त कुठे फाटलं, कुठे डाग पडला हे पिशवीतल्या यादीवर लिहून द्या.